घाटघरचा पाऊस, शेंडीचा रविवार

मी पाटबंधारे खात्यात होतो आणि नोकरीचा मोठा काळ भंडारदऱ्याच्या धरणावर काढला, हे कळलं की आमच्या चर्चमध्ये बदलून आलेल्या प्रत्येक पाळकसाहेबांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट आठवते. भर दुपारी विहिरीवर घागर घेऊन आलेली बाई, तिच्याकडे प्यायला पाणी मागणारा येशू, आणि मग पुन्हा कधी तहान लागू न देणाऱ्या पाण्याविषयीचं त्यांचं बोलणं. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय. “आपले हे बंधू तर पाण्यातलेच,” म्हणत साहेब व्यासपीठावरून माझ्याकडे हात करतात, सगळी मंडळी मान वळवून बघते आणि मी उगाच चष्मा पुसायला घेतो.

त्या गोष्टीतलं मला जवळचं वाटतं ते निराळंच. ती बाई काही उपासनेला आली नव्हती, रोजचं पाणी भरायला आली होती. आणि बोलता बोलता तिनं जो प्रश्न काढला तो माझाच होता: आमचे वाडवडील या डोंगरावर भजन करत आले, तुम्ही म्हणता यरुशलेमेत करावं, मग खरं कुठं? उत्तर असं मिळालं की ना या डोंगरावर, ना यरुशलेमेत. श्रीरामपूरच्या बाजूला चर्चच्या सावलीत वाढलेल्या माणसाला हे उत्तर ऐकून माहीत असतं. त्याचा उपयोग करायची वेळ माझ्यावर शेंडीला आल्यावर आली.

आमचं गाव प्रवरेच्या डाव्या कालव्यावरचं. कालवा म्हणजे आमच्या बोलण्यातला ‘पाट’. भंडारदऱ्याच्या धरणाचं काम 1910 साली सुरू झालं आणि 1926 साली पुरं झालं. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावानं विल्सन डॅम. तिथून सोडलेलं पाणी नदीनं खाली ओझरच्या बंधाऱ्याशी येतं आणि डाव्या-उजव्या कालव्यांत वाटलं जातं. त्या पाण्यावर कोरडवाहू मुलखात ऊस उभा राहिला, हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना चालला, आणि आमच्यासारख्या शेकडो कुटुंबांना उसाच्या फडात वर्षभराचं काम मिळालं. आजोबा कंपनीच्या मळ्यात पाणी धरायचे. मला शाळेत भूगोल यायच्या आधी एवढं माहीत होतं की पाटाला पाणी ‘वरून’ येतं, आणि वर म्हणजे भंडारदरा. लहानपणी देवही वरच असायचा, त्यामुळे या दोन गोष्टींची थोडी सरमिसळ झालेली होती.

नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन आलं 1831 साली. ‘ज्ञानोदय’ इथूनच 1842 मध्ये निघाला. पण आमच्यासारखे खेड्यातले, गावकुसाबाहेरचे लोक मोठ्या संख्येनं चर्चमध्ये आले ते 1876-77 आणि 1899-1900 च्या दुष्काळांच्या आगेमागे. हे आम्हाला विसरू दिलं जात नाही. शाळेत, पुढे ऑफिसातही, चहा पिता पिता कुणीतरी गमतीत म्हणायचंच, “तुम्ही काय, ज्वारीसाठी गेलेले.” एकदा मी हे घरी येऊन आजीला सांगितलं. ती पाट्यावर चटणी वाटत होती. हात न थांबवता म्हणाली, “भाकरीसाठी गेलो असतो तर दुष्काळ सरल्यावर माघारी आलो असतो की.” मला इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात यापेक्षा नेमकं उत्तर सापडलेलं नाही. पण ते उत्तर तिचं होतं. तिनं भूक पाहिली होती, शिवाशिव भोगली होती, आणि शिकलेल्या मिशनरी बाईनं आपल्याला ओट्यावर शेजारी बसवलं हे तिला मरेपर्यंत पुरलं. माझ्या वाट्याला यातलं काही नव्हतं. मला विश्वास मिळाला तो घर मिळावं तसा, बांधून तयार. शब्बाथशाळेत वचनं पाठ करून बक्षिसं घेतली, नाताळात ढोलकी वाजवली, ठरल्या वयात दृढीकरण झालं. लग्न कॅथलिक घरातल्या मुलीशी झालं, त्यावरून दोन्हीकडच्या काका-मामांनी पुरेसा गोंधळ घातला. ती अजूनही सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाते आणि मी तिला गाडीनं सोडतो. असा आमचा धर्म चाललेला होता आणि त्यात काही खुपत नव्हतं. कुणी विचारलंच असतं की या सगळ्यात तुझं स्वतःचं काय, तर मी वर्गणीची पावती दाखवली असती.

नव्वदच्या दशकात बदली झाली. बायको-मुलं शाळेमुळे खालीच राहिली आणि मी शेंडीला खोली घेतली. शेंडी म्हणजे धरणाच्या कुशीतलं गाव. पर्यटक ज्याला भंडारदरा म्हणतात ते बरंचसं हेच. माझ्या ओळखीत तिथं ख्रिस्ती घर एकच, ते माझं, आणि त्यातही माणूस एक. रविवारची उपासना गाठायची तर खाली श्रीरामपूरला उतरायचं, नाही तर घोटीवरून नाशिक. पावसाळ्यात दोन्ही अवघड, कारण पावसाळ्यातच आम्हाला रजा नसायची. धरण रविवार पाळत नाही.

काम सांगायला सोपं होतं: पाऊस मोजायचा, धरणाची पातळी वाचायची, साठा काढायचा आणि वर कळवायचं. पाऊस पाच ठिकाणी मोजला जाई, भंडारदरा, घाटघर, रतनवाडी, पांजरे आणि वाकी. सकाळी सहाचा आकडा मुख्य. मग बिनतारी यंत्रावर संगमनेर, नगर. तिथून तो वर्तमानपत्रांत जाई. खालचे शेतकरी भविष्य वाचावं तसं ते चौकोनातले आकडे वाचत. धरणाची क्षमता 11,039 दशलक्ष घनफूट. हा आकडा नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात शाळकरी पोरांनाही पाठ असतो, आणि पंधरा ऑगस्टपर्यंत धरण भरलं की नाही यावर चहाच्या टपऱ्यांवर पैजा लागतात.

घाटघर हे कोकणकड्यावरचं टोक. ढग खालून, कोकणातून उठून थेट तिथं आदळतात. एका दिवसात दोनशे मिलिमीटर पाऊस तिथं बातमी होत नाही. तिथल्या मोजणाऱ्याची सुट्टी असली की मला जावं लागे. पर्जन्यमापक हे यंत्र म्हणण्यासारखंही काही नाही. जमिनीत पक्कं केलेलं एक नळकांडं, वर नरसाळं, आत बाटली. बाटली उचलायची, काचेच्या मोजपात्रात पाणी ओतायचं, मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरायचं आणि पाण्याचा बाक जिथं खाली टेकतो तो आकडा वाचायचा. मोठ्या पावसात एक मोजपात्र पुरत नाही. भरलं की सांडायचं, पुन्हा भरायचं, आणि बेरीज कागदावर ठेवायची. तीही शिसपेन्सिलीनं, कारण शाई कागदावर टिकत नाही. धुवाधार असला तर बाटली भरून वाहून जाऊ नये म्हणून मध्यरात्रीही उठून रिकामी करावी लागते. इरलं पाठीवर, बॅटरी दातात धरलेली, वारा मोजपात्र हलवतोय, आणि या सगळ्यात तुम्ही अर्ध्या मिलिमीटरचा विचार करताय. खात्यातलं कुणी तपासायला येणार नसतं. अंदाजानं लिहिलं तरी खपून जाईल हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं.

माझ्याबरोबर एक मुकादम होते, महादेव कोळी समाजातले, माझ्याहून बरेच मोठे. मी त्यांना बाबा म्हणायचो. त्यांचं शिक्षण दोन-तीन इयत्ता, पण ढग बघून ते आवक सांगायचे आणि बहुतेक वेळा माझ्या तक्त्याच्या जवळ यायचे. एकदा आषाढात पावसानं आठवडाभर उघडीप दिली नव्हती. भाताची आवणी अडली होती, खाचरांचे बांध फुटत होते, गारठ्यानं जनावरं दगावत होती. घाटघरकडं पावसाळ्यात हे होतंच. मी आकडा कळवून बाहेर आलो. तिकडून यंत्रावरचा माणूस खूश होऊन म्हणाला होता, चांगलंय, चांगलंय, असाच पडू द्या. मुकादमबाबांना मी ते सांगितलं. ते बिडी पेटवायचा प्रयत्न करत होते, काडी सादळलेली. म्हणाले, “तुमच्याकडली लोकं पड म्हणत्यात, आमच्याकडली थांब म्हणत्यात. देवानं करायचं काय?”

मी हसलो. पण त्या रात्री प्रार्थनेला बसलो आणि शब्द फुटेनात. खाली माझा भाऊ, मेहुणे, चर्चमधली निम्मी मंडळी उसासाठी पाऊस मागत होती. त्या रविवारी धरण भरू दे म्हणून सामुदायिक प्रार्थना झाल्याचं बायकोनं चिठ्ठीत कळवलं होतं. इथं माझ्या खोलीमागच्या घरात म्हातारी पाऊस थांबावा म्हणून कळसूबाईला नवस बोलत होती, कारण तिची गाय थरथरत होती. दोघंही खरी. मी मध्ये मोजपात्र घेऊन उभा. लहानपणापासून माझी प्रार्थना म्हणजे मागणीपत्रक असायचं, आपल्या खात्यात सामानासाठी भरतात तसं. ते त्या रात्री कुणाच्या नावानं भरावं हेच कळेना.

आजोबांचं बायबल बरोबर होतं. मत्तयाचा पाचवा अध्याय निघाला. तो मला पाठ होता, त्यावर बक्षीस मिळालेलं होतं. त्यात येशू शत्रूवर प्रेम करायला सांगतो आणि कारण म्हणून पावसाचा दाखला देतो: देव नीतिमानावरही पाऊस पाडतो आणि अनीतिमानावरही. शब्बाथशाळेत आम्हाला शिकवलं होतं की पाऊस म्हणजे कृपा. पॅलेस्टाइनसारख्या कोरड्या मुलखात ते बरोबरच आहे. घाटघरला बसून वाचताना त्या वाक्यात दुसरंच काही दिसलं. पाऊस मागणी बघून पडत नाही. तो दोघांवर पडतो, एकाला तारतो, एकाला भिजवतो, आणि ज्यानं तो पाडला त्याच्याशी माझं नातं पावसाच्या आकड्यावर ठरायचं कारण नाही. मग त्या रात्री मी काहीच मागितलं नाही. नुसती नावं घेतली, म्हातारीचं, तिच्या गायीचं, भावाचं, मुकादमांचं. त्यानंतर माझी प्रार्थना बहुतेक अशीच राहिली. मंडळीच्या सभेत कुणी मला प्रार्थना चालवायला सांगितली की ती फार लवकर संपते, अशी तक्रार आहे.

पावसाळ्याच्या रात्री लांब असतात. तेव्हा टीव्ही नव्हता, असता तरी वीज नसायची. बायकोनं खालून ‘स्मृतिचित्रे’ पाठवलं होतं. लक्ष्मीबाई टिळकांचं हे पुस्तक आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांत असतंच, आणि असतंच म्हणून पुष्कळदा वाचलेलं नसतं. मला त्यांचे पती रेव्हरंड टिळक माहीत होते ते गायनांचे कर्ते म्हणून. आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला आणि डोंगरावरील प्रवचनाशी ते अडकले, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे माझ्या पावसाच्या अध्यायाशीच. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला न सांगता.

मला धरून ठेवलं ते यापुढच्या भागानं. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. त्या रडल्या, रागावल्या, वर्षानुवर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ राहायला आल्या तेव्हाही सोवळंओवळं सांभाळत, पाणी वेगळं ठेवत राहिल्या. टिळकांनी ओढून नेलं नाही. एक-एक गाठ त्यांची त्यांनीच सोडवली, आणि जेव्हा बाप्तिस्मा घेतला तेव्हा तो टिळकांच्या बायकोचा नव्हता, लक्ष्मीबाईंचा होता. हे सगळं त्या इतक्या हसत सांगतात की वाचणाऱ्याच्या लक्षात यायला वेळ लागतो की एका घरात, एका छताखाली, दोन माणसं दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचली. टिळक म्हणत की आपण तुकारामांच्या वाटेनं ख्रिस्तापाशी आलो. लक्ष्मीबाई कुणाच्याही वाटेनं आल्या नाहीत असं मला वाटतं. टिळकांनी अर्धवट ठेवलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच पुरं केलं, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं. आणि टिळकांची गोष्टही बाप्तिस्म्याशी थांबली नाही. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही येशूचे शिष्य म्हणून चालणार होते. दोन वर्षांत, मे 1919 मध्ये ते गेले. बावीस-चोवीस वर्षं चर्चमध्ये राहूनही माणूस अजून शोधतोच आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं. आमच्याकडे साक्ष देताना लोक असं बोलतात की एकदा मिळालं आणि काम संपलं.

मुकादमबाबांनी या शोधत राहण्यावरच एक गोष्ट सांगितली होती, अर्थात टिळकांचं नावही त्यांना माहीत नव्हतं. 1969 साली धरणाच्या भिंतीला तडा गेल्याचं लक्षात आलं होतं आणि गळती वाढली होती. पुढच्या काही वर्षांत मागच्या बाजूनं टेकू बांधून भिंत बळकट केली. आजही धरणाच्या खालून बघितलं की ते टेकू दिसतात. बाबा तेव्हा तरणे होते, त्या कामावर होते. मी नवीन असताना पायथ्याशी गळती मोजायला जायचा कंटाळा करायचो, कारण रोज तोच आकडा. मी म्हटलं, बाबा, इतकी वर्षं भिंत उभी आहे, तुमचा भरवसा नाही का? ते म्हणाले, “भरवसा हाय म्हणूनशान तर रोज बघाया येतो. नसता तर पळून गेलो असतो.” मग खाली वाकून त्यांनी पाण्यात बोट घातलं, ते स्वच्छ आहे की गढूळ हे बघायला. गळतीचं पाणी निवळ असेल तोवर भिंतीतलं काही वाहून जात नाही, असा त्यांचा हिशेब. रोज पहाटे घाटघर-रतनवाडीचे आकडे यायच्या आधी मी जो एक अध्याय वाचायला लागलो तो त्या दिवसांपासून. त्यातून दररोज काही लाभ झाला असं नाही. बऱ्याचदा वंशावळीच असायच्या.

एका ऑगस्टात धरण भरलं आणि वर पाऊस थांबेना. सांडव्यावरून सोडायचं पाणी टप्प्याटप्प्यानं वाढवत न्यावं लागत होतं. दर तासाला पातळी, दर तासाला किती क्युसेक सोडलं ते, आणि प्रत्येक वाढीच्या आधी खालच्या गावांना निरोप. रंध्याचा धबधबा लांबून गडगडताना ऐकू येत होता. आम्ही चारपाच जण त्या रात्री जागे होतो. मी मापावर बॅटरी मारून आकडा वाचायचो, ओरडून सांगायचो, दुसरा लिहायचा, तिसरा यंत्रावर. पहाटेच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की मी घाबरलेलो नाही. एरवी मी भित्रा माणूस आहे, विजेच्या कडकडाटाला कान झाकतो. देव धरण फुटू देणार नाही असा काही साक्षात्कार झाला म्हणून भीती गेली, असं नव्हतं. फुटूही शकतं हे मला नीट ठाऊक होतं, तेच तर मोजत होतो. पण जे काही होईल त्यात मी एकटा नाही, आणि माझ्याकडून हवंय ते एवढंच, पुढचा आकडा खरा सांगायचा, हे इतकं स्पष्ट होतं की त्यात दुसऱ्या कशाला जागा नव्हती. समाधान म्हणतात ते हेच असेल तर ते मी इतकी वर्षं चुकीच्या ठिकाणी, गायनाच्या शेवटच्या कडव्यात शोधत होतो. सकाळी साखर संपलेली असल्यानं बिनसाखरेचा चहा प्यालो आणि झोपलो.

आता उन्हाळ्याविषयी. पावसाविषयी बोलताना भंडारदऱ्याला येणारे सगळे खुलतात, काजव्यांविषयीही, आणि ते खरंच आहे, मेअखेर घाटघर-सामरदकडची हिरड्या-बेहड्याची झाडं रात्री काजव्यांनी उघडमीट करतात तसं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. पण त्याच दिवसांत, त्याच वाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन दरीत उतरत असतात. धरण उशाला, कोरड घशाला, ही म्हण बहुधा अशाच एखाद्या गावात झाली असणार. धरणाचं पाणी कालव्यासाठी राखलेलं, ते आवर्तनानं खाली जायचं. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांची नातवंडं डोंगरउतारावर नागली-वरई करतात आणि ज्यांचा ऊस भिजतो तो आमचा. आजोबांनी धरलेलं पाणी, आजीच्या भाकरीखालचं पाणी, माझ्या शाळेची फी, सगळं या डोंगरातून खाली आलेलं. हे मी घरी सांगितलं की लोक विषय बदलतात. चर्चमध्ये एकदा सांगितलं तर एक वडील म्हणाले, हे राजकारण झालं. मला ते मत्तयाच्या पाचव्या अध्यायाच्या पुढचंच पान वाटतं. ज्या समाधानात ही टोचणी राहू शकत नाही ते मला नको आहे, इतपत मत आता झालंय.

यावर मी फार काही केलं असंही नाही. अक्षर बरं होतं, शब्बाथशाळेची कृपा. संध्याकाळी खोलीच्या ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचो: विहीर दुरुस्ती, टँकरची मागणी, जातीचा दाखला, म्हातारीची पेन्शन. सुरुवातीला कुजबुज होती की हा बाटवायला आलाय. एका पोरानं तोंडावर विचारलं. मी म्हटलं, मला माझाच धर्म अजून नीट जमलेला नाही, तुला काय देऊ. ते हसलं आणि त्याच्या बापाचा अर्ज लिहून घेऊन गेलं. येशूविषयी विचारलं तर सांगायचो, न विचारता सांगितलं नाही. आमच्याकडच्या काहींना हा भित्रेपणा वाटतो. वाटो.

दिवाळीआधी वाघबारशीला मुकादमबाबा मला वाघोबाच्या ठाण्यावर घेऊन गेले. गुराख्यांनी नैवेद्य दाखवला, गुराढोरांना सांभाळ म्हणून गाऱ्हाणं घातलं. मी बाजूला उभा राहिलो, हात जोडले नाहीत. बाबांनीही आग्रह केला नाही. नंतर पंगतीत बसून जेवलो मात्र. ही बातमी खाली पोचल्यावर माझ्या आत्यानं मला चांगलं फैलावर घेतलं. पौलानं करिंथच्या मंडळीला नेमक्या याच प्रश्नावर लिहिलेलं आहे, आणि त्यात आत्यालाही पुरेल आणि मलाही पुरेल एवढा मजकूर आहे. त्याच वर्षी नाताळला मला रजा मिळाली नाही. मी खोलीत मेणबत्ती लावून एकट्यानंच गायनं म्हणत होतो, आवाज माझा काही ऐकण्यासारखा नाही. दारात बाबा, त्यांची सून आणि दोन नातवंडं. सुनेच्या हातात काळभाताची पातेली. त्या भाताचा वास आधी आत आला. “सणाच्या दिशी एकलं जेवू नये,” बाबा म्हणाले, आणि खाली बसून गाणं संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, चाल आमच्या भजनासारखीच हाय की. होतीच. टिळकांनी आणि सांगळ्यांसारख्या कवींनी ती गायनं लिहिली तेव्हा चाली दुसऱ्या कुठून आणणार होते?

निवृत्तीनंतर मी खाली आलो. चर्च आता चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि गंमत अशी की तिथं पहिल्यासारखंच सगळं करतो, वर्गणी, कमिटी, नाताळची ढोलकीसुद्धा. मध्यंतरी संजीवन सभेत मला साक्ष द्यायला उभं केलं. साक्षीचा आमच्याकडे एक ठरलेला घाट आहे: आधी मी असा होतो, मग अमुक तारखेला प्रभू भेटला, आता मी तसा आहे. दारू सुटलेली असली तर उत्तम. माझी दारू नव्हतीच आणि तारीखही नव्हती. मी पर्जन्यमापक कसा वाचतात ते सांगितलं, पाण्याचा बाक, शिसपेन्सिल, मध्यरात्रीची बाटली. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा मी अजून मुद्द्यावर आलो नव्हतो, असं कमिटीचं म्हणणं पडलं.

सभेनंतर साखर कारखान्यात कामाला असलेला एक तरुण घरी आला. त्याला बाप्तिस्मा, दृढीकरण, सगळं माझ्यासारखंच तयार मिळालेलं, आणि आत काही वाजत नाही म्हणून तो बेचैन. “काका, तुम्हाला शांती नेमकी मिळाली कशी?” मी म्हटलं, मला सांगता यायचं नाही, आपण वाचू या. रविवारी त्याची पाळी असते, म्हणून गुरुवारी संध्याकाळी बसतो. मत्तय घेतलाय, पाचव्या अध्यायातच फार दिवस गेले, पावसापाशी तर मी त्याला पुढे जाऊच देईना. गेल्या वेळी सहावा लागला. उद्याची चिंता करू नका, पाखरांकडे बघा, तो भाग. त्यानं पुस्तक मिटून विचारलं, “म्हणजे काका, घराच्या कर्जाचा हप्ता भरायचा की नाही?” हप्ता भरायचाच, एवढं मी लगेच सांगितलं. पाखरांचं काय करायचं त्यावर आम्ही पुढचा गुरुवार ठेवलाय.